बेने इस्रायलांचा इतिहासकार : हाईम सॅम्युएल केहिमकर

कोकणातील मराठी भाषक ज्यू समाज, म्हणजे बेने इस्रायल, भारतात केव्हा आणि कोठून आला याची सविस्तर मीमांसा या समाजातील ज्या अभ्यासकाने प्रथम केली, ते हाईम सॅम्युएल केहिमकर १८३० साली जन्मले. त्यांच्या आडनावात अलिबागजवळच्या किहीम गावाची खूण आहे. समाजाच्या परंपरेनुसार नौगावच्या किनाऱ्यापाशी जहाज फुटले, त्यातून सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या, आणि त्यांचे वंशज तेलाच्या घाण्यावर उदरनिर्वाह करू लागले. शनिवारी, म्हणजे ज्यूंच्या साप्ताहिक विश्रांतीच्या शब्बाथ या दिवशी, ते घाणा बंद ठेवीत, म्हणून शेजारी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणू लागले.

कोरीव लेख नाहीत, जुनी दप्तरे नाहीत, अशा स्थितीत केहिमकरांनी समाजात पाळल्या जाणाऱ्या आणि न पाळल्या जाणाऱ्या आचारांनाच पुरावा मानले. सुंता, शब्बाथ, खाण्यापिण्याचे निर्बंध आणि ‘शेमा’ ही एकेश्वरनिष्ठेची हिब्रू प्रार्थना टिकून होती. प्रायश्चित्ताचा दिवस ‘दरफाळणीचा सण’ या मराठी नावाने पाळला जात होता. मात्र हनुक्का हा सण पूर्वापार ठाऊक नव्हता. ग्रीक राजा चौथा अँटिओकस याच्या छळाविरुद्ध उठाव करून ज्यूंनी इ. स. पू. १६४ मध्ये जेरुसलेमचे मंदिर पुन्हा शुद्ध केले, त्याचे स्मरण म्हणजे हनुक्का. त्यावरून पूर्वज त्याआधीच, इ. स. पू. १७५ च्या सुमारास, गॅलिली प्रांतातून निघाले असावेत, असे अनुमान त्यांनी मांडले.

हे अनुमान चतुर आहे, पण निर्णायक नाही, कारण जो समाज जवळजवळ सारी हिब्रू भाषा विसरला तो एखादा सणही विसरू शकतो. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात बेने इस्रायलांमध्ये ज्यू व भारतीय अशा दोन्ही वंशांचा अंश आढळला; त्यामुळे बाहेरून येण्याच्या परंपरेला आधार मिळतो, आगमनाच्या सनाला मात्र मिळत नाही. केहिमकरांचे अधिक टिकाऊ काम निराळेच आहे, ते म्हणजे विधी, आडनावे आणि सणांची मराठी नावे यांची त्यांनी केलेली नोंद, जी पुढच्या प्रत्येक संशोधकाला चाळावी लागली.

१८७५ मध्ये मुंबईत इस्रायली मुलांसाठी शाळा स्थापन करण्यातही त्यांचा पुढाकार होता. १८९७ मध्ये लिहून झालेला त्यांचा इंग्रजी इतिहास त्यांच्या हयातीत छापला गेला नाही. भारतात येऊन गेलेल्या इम्मॅन्युएल ओल्सव्हँगर यांच्या प्रयत्नाने तो १९३७ मध्ये तेल अवीव येथे प्रसिद्ध झाला.