लाल डोंगर, लाल पेशी

गडचिरोलीच्या एटापल्ली तालुक्यातला सूरजागडचा डोंगर म्हणजे माडियांच्या ठाकूरदेवाचं ठाणं आणि हेमॅटाइट या लोहखनिजाचा साठा. हेमॅटाइटमधल्या लोखंडाच्या प्रत्येक अणूने तीन इलेक्ट्रॉन गमावलेले असतात. नेमकं असंच लोखंड आपल्या पेशींनाही एका नाजूक कामासाठी लागतं, हे वाचून थक्क व्हायला होतं.

ते काम मायक्रोआरएनए घडवण्याचं. जेमतेम २२ अक्षरांचे हे तुकडे जनुकांचे निरोप दाबून टाकतात. व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रव्हकन यांना त्यातला पहिला १९९३ मध्ये एका मिलिमीटरभर कृमीत सापडला. नोबेल मिळालं २०२४ मध्ये. अशी ताकदवान वस्तू पेशी मोकाट बनू देत नाही. आधी आरएनएचा लांब धागा केसांतल्या आकड्यासारखा दुमडतो. केंद्रकात ड्रोशा हे विकर त्याला कापतं, बाहेर डायसर पुन्हा कापतं आणि उरलेला तुकडा आर्गोनॉट हे प्रथिन धरून ठेवतं. कुठे कापायचं, हे ड्रोशाला दाखवणारा जोडीदार म्हणजे डीजीसीआर८. हीम, म्हणजे लोखंड धरून ठेवणारा रेणू, नसेल तर त्याचं काम मंदावतं, असं २००७ मध्ये लॉस एंजेलिसच्या संशोधकांना दिसलं. पुढे कळलं, की हीममधल्या लोखंडाने तीन इलेक्ट्रॉन गमावलेले हवेत. हिमोग्लोबिनमध्ये ऑक्सिजन वाहणाऱ्या लोखंडाने दोनच गमावलेले असतात. तसलं इथे चालत नाही!

लाल पेशींमधला 'मिर-४५१' हा मायक्रोआरएनए तर वाटच बदलतो. त्याचा आकडा इतका आखूड, की डायसरला तो कापताच येत नाही. मग आर्गोनॉट-२ स्वतःच कापतं. पिकलेल्या लाल पेशीत केंद्रक उरत नाही, तरी हे तुकडे टिकून असतात.

गडचिरोलीत मलेरियाही आहे आणि सिकलसेल हा लाल पेशींचा आनुवंशिक आजारही. म्हणून ड्यूक विद्यापीठाचं २०१२ मधलं संशोधन मला इथलंच वाटतं. सिकलसेलच्या लाल पेशींत मिर-४५१ जास्त असतो. फाल्सिपेरम मलेरियाचा परजीवी पेशीत शिरला, की हा तुकडा थेट त्याच्या आत जातो, त्याच्या निरोपांना चिकटतो आणि प्रथिनं बनणं अडवतो. परजीवीची वाढ खुंटते. त्याच्याकडे स्वतःचे मायक्रोआरएनए घडवायची यंत्रणाच नाही. माणसाचे मात्र त्याला भोवतात. सिकलचं जनुक एकाच पालकाकडून आलेल्या वाहकाला मलेरिया सहसा जीवघेणा होत नाही, त्याच्या अनेक कारणांपैकी हे एक. पण आईबाप दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता असते, की बाळाला दोन्हींकडून सिकलचं जनुक येईल आणि अंग ठणकवणारा आजार जन्मभर सोबत राहील.