दयाशंकरची डायरी
नादिरा बब्बर यांनी लिहिलेले आणि आशीष विद्यार्थी यांनी एकट्याने रंगवलेले ‘दयाशंकर की डायरी’ हे हिंदी नाटक, नट होण्याच्या आकांक्षेने मुंबईस येऊन अखेर कचेरीतली कारकुनी पत्करलेल्या आणि पुढे वास्तव व कल्पित यांतील सरहद्दच हरवून बसलेल्या इसमाची दैना सांगते. प्रेरणा रशियन लेखक गोगोलच्या १८३५ सालच्या कथेची; तिचा नायकही साहेबाच्या लेखण्यांना टोके काढणारा कारकूनच. परंतु या भ्रमिष्टाला नटाची महत्त्वाकांक्षा देणे, ही बब्बर यांची खरी प्रतिभा, असे मी निःशंकपणे म्हणेन. जयपूरकर मराठी रसिकांनो, चार्ल्स कोरिया यांनी नवग्रहांच्या नऊ चौकांवर रचलेल्या जवाहर कला केंद्रात याचा प्रयोग लागला, तर पुढची रांग अवश्य धरा. एकपात्री नटाचा श्वासोच्छ्वास तिथूनच ऐकू येतो.