करंगळीवरून स्नायूंची परीक्षा

रात्री भरपेट जेवून झोपलेला तरुण सकाळी उठतो, तर पाय हलत नाहीत. काही तासांनी पुन्हा चालू लागतो. आवर्ती पक्षाघात या आनुवंशिक विकारात स्नायुपेशींच्या आवरणातल्या बहुधा सोडियम किंवा कॅल्शियमच्या वाहिन्या सदोष असतात. दवाखान्यात पोचेपर्यंत ताकद परत आलेली असते आणि घरचे त्याला ढोंगी ठरवतात. हा फार मोठा अन्याय आहे.

अशा वेळी संशोधक मॅकमॅनिस आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये मांडलेली चाचणी कामी येते. मनगटापाशी अल्नर मज्जातंतूला विजेचा छोटा झटका देऊन करंगळीच्या स्नायूचा प्रतिसाद मोजतात. मग रुग्णाने मधे थोडी उसंत घेत पाच मिनिटे करंगळी जोर लावून बाहेर ताणायची. पुढे पाऊण तासभर ठरावीक अंतराने झटके आणि नोंदी चालू राहतात. निरोगी स्नायूचा प्रतिसाद फारसा बदलत नाही. या विकारात तो हळूहळू घसरतो. घट ४० टक्क्यांहून जास्त असेल तर संशय बळावतो.

झटके टोचतात, पण सोसवतात. पेसमेकर असल्यास आधी सांगावे. चाचणी निर्दोष आली तरी आजार नाही असे ठरत नाही. जनुकतपासणी करावी लागते. पुन्हा पाय लुळे पडले तर त्याच वेळी तातडीने रुग्णालय गाठा, रक्तातले पोटॅशियम तपासून घ्या आणि तो अहवाल जपून ठेवा.