लॅपटॉपची स्क्रीन पंच्यानं पुसताय? थांबा! किनाऱ्यावर आधी मीठ उतरवावं लागतं

अलिबाग : सकाळी दाखल्यांचं केंद्र उघडलं, की पहिलं काम ठरलेलं. लॅपटॉप उघडायचा, स्क्रीनवर तोंडानं फुंकर मारायची आणि खांद्यावरचा पंचा किंवा खिशातला रुमाल गरागरा फिरवायचा. धूळ जाते, काम सुरू होतं. पण काही महिन्यांनी दिवा वरून पडला, की स्क्रीनवर बारीक रेघांचं जाळं दिसायला लागतं. मग कोणी टूथपेस्ट लावतो, कोणी काच पुसायचा स्प्रे मारतो आणि उरलीसुरली स्क्रीनही जाते.

रेवसपासून हरिहरेश्वरपर्यंतच्या पट्ट्यात ही तक्रार जास्त असायला कारण आहे. घाटावरच्या धुळीत आणि आपल्याकडच्या धुळीत फरक आहे. आपल्याकडं धुळीसोबत मीठ येतं.

खारा वारा स्क्रीनवर काय करतो?

लाटा फुटतात तेव्हा पाण्याचे अगदी बारीक थेंब वाऱ्यावर चढतात. पाणी सुकतं आणि मिठाचे कण उरतात. हे कण खिडकीचे गज, मोटारसायकलची चेन, टीव्ही, लॅपटॉप अशा सगळ्यांवर बसतात. दिघी-आगरदांडा जंगलजेटीनं किंवा मांडव्याच्या बोटीनं नेहमी ये-जा करणाऱ्यांच्या बॅगेतही ते शिरतात.

मिठाची एक खोड आहे. हवेतला ओलावा साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेला, की मीठ स्वतः पाणी ओढून घेतं आणि चिकट होतं. पावसाळ्यात किनाऱ्यावर ओलावा बराच काळ त्याच्या वर असतो. म्हणून त्या दिवसांत स्क्रीन चिकचिकीत वाटते आणि धूळ तिला धरून बसते. हिवाळ्यात हवा कोरडी झाली, की त्याच मिठाचे पुन्हा कडक दाणे होतात.

त्यात रेव आणि लाल मातीची भर. वाळूतले बरेच कण साध्या काचेपेक्षाही कठीण असतात. आणि बहुतेक साध्या लॅपटॉपच्या स्क्रीनला वरून काच नसतेच, प्लास्टिकचा पातळ थर असतो. अशा स्क्रीनवर कोरडा पंचा दाबून फिरवला, की पंचाचा पॉलिश पेपर होतो. ओरखडे पडतात ते कापडानं नाही, कापडाखाली सापडलेल्या कणानं.

आपली स्क्रीन कुठली, हे आधी ओळखा

स्क्रीन बंद करून तिच्यात पाहा. चेहरा आरशासारखा स्पष्ट दिसत असेल आणि स्क्रीनला बोट लावून काम होत असेल, तर वर बहुधा काच आहे. चेहरा धूसर दिसत असेल, तर ती मॅट म्हणजे बिनचमकीची स्क्रीन. मॅट स्क्रीन सगळ्यात नाजूक, आणि सरकारी कामाच्या व जुन्या बाजारातल्या लॅपटॉपांत तीच जास्त आढळते. मोबाइलला वर काच असते, पण त्या काचेवरही बोटांचा तेलकटपणा धरू नये म्हणून पातळ थर दिलेला असतो. तिखट रसायनानं तो झिजतो.

पुसायची रीत

१. लॅपटॉप पूर्ण बंद करा, चार्जर काढा आणि १० मिनिटं थंड होऊ द्या. काळ्या, बंद स्क्रीनवर डाग नीट दिसतातही.

२. आधी कण उडवा. तोंडानं फुंकू नका, थुंकीचे थेंब उडतात. हातानं दाबायचा रबरी फुगा किंवा रंगकामाचा नवा, मऊ, कोरडा ब्रश वापरा. वरून खाली हलक्या हातानं.

३. चष्म्याच्या दुकानात मिळतं तसं मायक्रोफायबरचं कापड घ्या. ते साबणानं धुऊन, नीट खळबळून वाळवलेलं असावं. टॉवेल, वर्तमानपत्र, टिश्यू पेपर, शर्टाचा कोपरा चालणार नाही.

४. कापड पाण्यात भिजवून घट्ट पिळा. हाताला ओलसर लागलं पाहिजे, थेंब पडता कामा नये. पाणी डिस्टिल्ड असलं तर उत्तम. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर गॅरेजमध्ये मिळतं. मात्र बॅटरीचं ॲसिड नव्हे, बाटलीवरचं नाव वाचूनच घ्या. बोअरच्या जड पाण्याचे पांढरे ठिपके उरतात.

५. झाकणाला मागून एका हाताचा आधार द्या. दुसऱ्या हातानं न दाबता एकाच दिशेनं पुसा. मध्येच कापडाची घडी उलटून स्वच्छ बाजू घ्या, नाहीतर निघालेले कण पुन्हा स्क्रीनवरच फिरतात.

६. दुसऱ्या कोरड्या कापडानं ओल टिपून घ्या. १५ मिनिटं उघडा ठेवा, मगच चालू करा.

पाणी किंवा स्प्रे थेट स्क्रीनवर कधीच मारायचा नाही. ओघळ खालच्या कडेतून आत जातो, आणि स्क्रीनची नाजूक सर्किटं बहुधा त्याच कडेला असतात. दोन थेंबांनी उभ्याआडव्या पट्ट्या येऊ शकतात.

स्पिरिट आधी नको, पाणी आधी

इंटरनेटवर बहुतेक ठिकाणी आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरायला सांगतात. ते तेलकट डागांसाठी ठीक आहे. पण मीठ पाण्यात सहज विरघळतं, या अल्कोहोलमध्ये जवळजवळ विरघळतच नाही. म्हणजे किनाऱ्यावर नुसत्या अल्कोहोलनं पुसलं, तर मिठाचे दाणे तसेच राहतात आणि कापडाबरोबर घासले जातात. म्हणून आपल्याकडं पाण्याचा हात आधी. त्यानंतरही तेलकट डाग राहिला, तर आपल्या लॅपटॉपच्या कंपनीची सूचना वाचून, तिनं चालतं म्हटलं असेल तरच, अल्कोहोल आणि डिस्टिल्ड वॉटर सांगितलेल्या प्रमाणात घेऊन कापडाला लावा. हे करताना जवळ देवाचा दिवा, उदबत्ती नको.

काच पुसायच्या स्प्रेमध्ये अनेकदा अमोनिया असतो, तो स्क्रीनला नको. सॅनिटायझर, नेलपॉलिश रिमूव्हर, थिनर, पेट्रोल, रॉकेल, फिनाइल यांतलं काहीच स्क्रीनजवळ आणायचं नाही.

ओरखडा आहे की नुसता डाग?

खूपदा ओरखडा म्हणून दाखवतात तो ओरखडा नसतोच. लॅपटॉप बॅगेत घालून खड्ड्यांच्या रस्त्यानं मोटारसायकलवर नेला, की झाकण दाबलं जाऊन कीबोर्डची बटणं स्क्रीनला टेकतात. बटणांवरचं बोटांचं तेल चौकोनी खुणा उमटवतं. या खुणा ओलसर कापडानं दोन-तीन वेळा पुसल्यावर जातात.

न गेल्यास नखाचं टोक अगदी हलकं फिरवा. नख अडकलं नाही, तर ओरखडा वरवरचा आहे. अडकलं, तर खोल आहे. नख सरळ फिरतं, पण स्क्रीन चालू केल्यावर पांढरट ठिपका दिसतो, असं असेल तर तो दाब आत बसल्याचा डाग. तो बाहेरून पुसून जात नाही.

टूथपेस्टचा उपाय का फसतो?

टूथपेस्ट आणि खायचा सोडा घासून काम करतात. मॅट स्क्रीनवर ते लावलं, की ओरखड्याच्या आजूबाजूचा थरही घासला जातो. एका रेघेच्या जागी रुपयाएवढा चकचकीत पट्टा तयार होतो आणि तो पुन्हा पूर्ववत होत नाही. व्हॅसलीननं रेघ भरून दोन दिवस दिसेनाशी होते, पण त्यावर धूळ आणि मीठ चिकटून दुप्पट घाण होते. काच घासायच्या पावडरी मोटारीच्या काचेसाठी असतात. स्क्रीनच्या काचेवरचा थर त्यानं निघून जातो.

खरं सांगायचं तर स्क्रीनवरचा ओरखडा घरी बुजत नाही. वरवरचा असेल आणि काम चालत असेल, तर आहे तसा राहू द्या. स्क्रीन साफ करून पातळ फिल्म लावली, तर पुढचे ओरखडे तिच्यावर जातील. खोल ओरखडा अक्षरांवरच येत असेल, तर स्क्रीन बदलणं हाच उपाय, आणि त्याला काही हजार रुपये लागतात.

दुरुस्तीला देताना

- केंद्राच्या लॅपटॉपमध्ये गावकऱ्यांचे आधार, सातबारा, बँक पासबुकचे फोटो असतात. आधी सगळं पेनड्राइव्हवर घ्या, लॅपटॉपमधून काढा. स्क्रीन बदलायला पासवर्ड द्यावा लागत नाही.
- लॅपटॉपचा मॉडेल आणि सिरियल नंबर लिहून ठेवा, फोटो काढा.
- जुनी स्क्रीन परत मागा. बिलावर वॉरंटीचे महिने लिहून घ्या.
- दुकानातच पूर्ण पांढरं, काळं, लाल, हिरवं, निळं चित्र उघडून पाहा. मेलेला ठिपका तिथंच दिसतो.

पावसाळ्याचे चार महिने

लॅपटॉप बॅगेत बंद करून माळ्यावर ठेवू नका, बुरशी येते. वापर नसला तरी आठवड्यातून एक-दोनदा तासभर चालवा. मशीनच्या उबेनं ओल कमी होते. बुटांच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या पुड्या बॅगेत टाका. समुद्राकडच्या खिडकीसमोर लॅपटॉप उघडा ठेवू नका. बॅग उन्हात वाळवा, लॅपटॉप नाही.

झाकण मिटण्याआधी कीबोर्डवर पेन, इअरफोन, पेनड्राइव्ह राहिला नाही ना, हे एकदा पाहा. ओरखड्यानं काम अडत नाही, पण पेनवर झाकण मिटलं तर स्क्रीन फुटते आणि काम त्याच दिवशी थांबतं. दाखल्यासाठी रांगेत उभा असलेला माणूस असो की परीक्षेच्या आदल्या रात्री अभ्यासाला बसलेली मुलगी, दोघांचं काम त्या एका स्क्रीनवर अडलेलं असतं. तिला आठवड्यातून पाच मिनिटं आणि एक स्वच्छ कापड पुरतं.