तीन टनांची फोर्कलिफ्ट खरंच तीन टन उचलते का?

जिनिंगमधून निघालेली कापसाची गाठ साधारण १७० किलोची. डाळीचं पोतं ५० किलोचं. आमरसाचा ड्रम सव्वादोनशे किलोच्या घरात. पीव्हीसी पाइपचा गठ्ठा वजनाला बेताचा, पण लांबीला सहा मीटर. जळगाव-धुळ्याच्या कारखान्यांतून हा सगळा माल रोज हलतो. तरीही फोर्कलिफ्ट घेताना बरेचदा शेजाऱ्याकडे कोणती आहे तेच पाहिलं जातं.

यंत्रावर क्षमतेची एक धातूची पट्टी असते. तिच्यावर ‘३००० किलो’च्या शेजारी ‘५०० मिमी’ असंही लिहिलेलं असतं. मालाचा गुरुत्वमध्य काट्यांच्या उभ्या पाठीपासून अर्ध्या मीटरच्या आत असेल, तरच तीन टन! तो १० सेंटिमीटर पुढे सरकला की तेच यंत्र साधारण २,७०० किलोच सुरक्षितपणे उचलतं. मास्ट, म्हणजे काटे वर नेणारा उभा सांगाडा, जास्त उंच नेला की हा आकडा आणखी घटू शकतो. गाठी दोन्ही बाजूंनी दाबून धरणारा क्लॅम्प लावला, तर त्याचं स्वतःचं वजन वजा होतं, शिवाय माल पुढे ढकलला जातो. त्यामुळे क्लॅम्पसकटची क्षमता विक्रेत्याकडून लेखी घ्यायला हवी.

दारांची उंची, वळणाची जागा आणि जमीन हे त्यानंतरचे प्रश्न. तीन टनांच्या नेहमीच्या यंत्राला रांगांमध्ये साधारण चार मीटर वाट लागते. अरुंद गोदामात काटे पुढे-मागे सरकवणारा रीच ट्रक बरा, पण त्याला सपाट काँक्रीट हवं. भरलेल्या अवस्थेत तीन टनांच्या नेहमीच्या यंत्राच्या पुढच्या दोन चाकांवर सहा टनांहून जास्त भार येतो. काळ्या मातीवर मुरूम टाकून केलेलं आवार पहिल्याच पावसात खचतं, आणि तिरपं झालेलं यंत्र उलटायला वेळ लागत नाही.

डिझेल की बॅटरी? खानदेशात याचं उत्तर हवामानही देतं. मे महिन्यात जळगावचा पारा ४५ अंशांवर जातो. लेड-ॲसिड बॅटरीचं आयुष्य २५ अंशांच्या वर दर दहा अंशांना जवळपास निम्मं होतं, असा ढोबळ हिशेब आहे. म्हणून चार्जिंग रात्री, हवेशीर जागी. चार्ज होताना हायड्रोजन निघतो. जुनी बॅटरी काढून हलकी बसवणंही धोक्याचं, कारण तिचं वजन मागचा तोल सांभाळतं. पल्पच्या कारखान्यात धूर चालत नाही, तिथे बॅटरीच हवी. जिनिंगमध्ये डिझेल घेतलंच, तर सायलेन्सरला ठिणगीरोधक जाळी हवी आणि रेडिएटर रोज साफ व्हायला हवा. रुईचे तंतू त्याच्या जाळीवर अस्तरासारखे बसतात, इंजिन तापतं, आणि तापलेल्या इंजिनाजवळची रुई पेटायला एक ठिणगी पुरते.

हमालांच्या पाठीवरचं ओझं या यंत्राने खरोखर हलकं होतं, हे त्याचं सर्वांत मोठं देणं. माथाडी-हमालांच्या संरक्षणासाठी महाराष्ट्राने १९६९ सालीच कायदा केला. त्याच हमालाला काट्यांवर उभं करून थप्पीच्या माथ्यावर चढवणं मात्र कोणत्याही घाईत क्षम्य नाही. चालक प्रशिक्षितच हवा आणि त्याने पट्टा बांधलेलाच हवा. यंत्र कलंडताना बाहेर उडी मारणारा बरेचदा त्याच्याखालीच सापडतो.

सौदा ठरवण्याआधी विक्रेत्याला यंत्र घेऊन आपल्या आवारात बोलवा. आपलाच सर्वांत अवघड माल, आपलीच वाट, भर दुपारची वेळ. तिथे चाललं, तरच दराची बोलणी सुरू करा.