पोस्टकार्डावर मावणारा खेळ

भातुकलीत एक मूल आई होते, दुसरे पाहुणा. चार बोळकी पुरतात. मोठ्यांचा असाच सोंगांचा खेळ १९७४ साली अमेरिकेत 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या नावाने तीन पुस्तिकांत निघाला. त्याचे नियम पुढे शेकडो पानांवर गेले. उलट, जॉन हार्पर यांचा 'लेझर्स अँड फीलिंग्ज' (२०१३) एका पानात आटोपतो.

इतका छोटा खेळ रचावा कसा? चारच गोष्टी ठरवाव्यात : सोंगे कोणती, कोणाला काय हवे, निकाल कशाने आणि शेवट केव्हा. बाकीचे गाळावे.

अकोल्याकडचा एखादा जिनिंगचा कारखाना घेऊ. कामकरणीला कापसाच्या धुळीपासून बचाव हवा, मालकाला हंगाम अखंड हवा, मुकादमाला दोघांचीही मर्जी हवी. पेच पडला की बोलणाऱ्याने चार कवड्या टाकाव्यात. तीन किंवा चार उताण्या पडल्या तर समोरच्याने काही सोडावे. नाहीतर आपण सोडावे. पाचव्या फेकीला भोंगा वाजला, खेळ संपला. मग जागा बदलाव्यात.

दोनच उताण्या पुरतील म्हटले, तर मागणी फुकट मिळाल्यासारखी होते. चारही हव्यात म्हटले, तर कोणी मागायलाच धजत नाही. रचणाऱ्याचे जगाविषयीचे मत त्या एका आकड्यात असते. म्हणून त्यावर सर्वांत जास्त विचार करावा.

संघटनेच्या कामात आम्हांला सभा गाजवणारे पुष्कळ भेटतात. मालकासमोर एक सरळ वाक्य बोलणारे थोडे. ते वाक्य आधी एकदा खेळात तरी तोंडून निघालेले असावे.