तीन तासांचे उड्डाण आणि रोह्याचा प्रवासी

मुंबई ते दुबई हे हवाई अंतर सुमारे १,९३० किलोमीटर आहे आणि जेट विमानाला ते कापण्यास साधारणतः तीन तास लागतात. विमान कंपनीचा हिशेब येथे संपतो. रोहा किंवा पेण तालुक्यातून आखातात नोकरीसाठी जाणाऱ्या माणसाचा हिशेब मात्र निराळा असतो आणि अर्थशास्त्राच्या दृष्टीने तोच खरा मानला पाहिजे.

मुळात हे तीन तासही दिसतात तितके सरळ नाहीत. दुबईचे घड्याळ भारताच्या दीड तास मागे. त्यामुळे सकाळी दहाला मुंबई सोडणारा प्रवासी तेथे साडेअकराला उतरतो. उलट तेथून दहाला निघालेल्याला मुंबईत पोचेपर्यंत दोन वाजून जातात. प्रत्यक्षात परतीचाच प्रवास थोडा लवकर संपतो, कारण उंचावरचे पश्चिमी वारे, विशेषतः हिवाळ्यात, विमानाला मागून रेटतात. पण मुंबईच्या जुन्या विमानतळाच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात. त्या एकाच वेळी स्वतंत्रपणे वापरता येत नाहीत, आणि वाऱ्याने वाचविलेली मिनिटे शहरावर घिरट्या घालण्यात खर्ची पडतात.

१९८२ पर्यंत ‘द्वारका’ ही आगबोट मुंबई आणि आखातातील बंदरे यांच्या दरम्यान चालत असे. तिचा प्रवास दिवसांत मोजला जाई. दिवसांचे तास झाले ही क्रांती खरीच; परंतु एअर इंडियाने १९६० साली बोइंग ७०७ सेवेत आणल्यानंतर प्रवासी विमानांचा वेग जवळपास तेथेच थबकला आहे. काँकॉर्ड हा अपवाद होता. तेही २००३ साली निवृत्त झाले. आकाशात आता वाचविण्यासारखा वेळ फारसा उरलेला नाही. जी बचत व्हायची ती जमिनीवर.

आणि जमिनीवर काय स्थिती आहे? उड्डाणाच्या तीन तास आधी हजर राहायचे, त्याआधी नागोठणे, वडखळ, पेण, पनवेल असे टप्पे ओलांडून मुंबईच्या गर्दीत शिरायचे. वाटेत काय अडेल याचा भरवसा नसल्याने पहाटेच्या विमानासाठी आदल्या संध्याकाळीच घर सोडावे लागते. भाड्याची गाडी, निरोप द्यायला आलेले नातलग, त्यांचा बुडालेला रोजगार, यांतले काहीच तिकिटावर छापलेले नसते. पळस्पे ते इंदापूर हा महामार्गाचा ८४ किलोमीटरचा टप्पा चौपदरी करण्याचे काम २०११ मध्ये सुरू झाले आणि दशकाहून अधिक काळ रेंगाळले. त्या काळात रोह्याहून दुबई जवळ आली नाही, दूरच गेली!

८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले व २५ डिसेंबरपासून तेथे प्रवासी वाहतूक सुरू झाली. आरंभ देशांतर्गत उड्डाणांनी झाला. आखाती उड्डाणे तेथे पुरेशा संख्येने येतील तेव्हाच पेणकराला मुंबईत शिरण्याचे टळेल; पण पनवेलच्या अलीकडचा प्रवास त्याला करावाच लागेल. रोह्यापर्यंत रेल्वे १९८६ सालीच पोचली आहे. तरीही पेण-रोह्याच्या प्रवाशाला मोजक्याच गाड्या मिळतात आणि लांब पल्ल्याच्या अनेक गाड्या पेणला न थांबता निघून जातात. या मार्गावर फेऱ्या वाढवणे आणि रात्री-पहाटेच्या उड्डाणांना धरून पेणहून एस.टी. सोडणे, यांचा खर्च धावपट्टीच्या तुलनेत नगण्य आहे. त्यासाठी रेल्वे, एस.टी. महामंडळ आणि विमानतळाचे चालक यांची वेळापत्रके एकदा एका टेबलावर यावी लागतील.